डांग्या खोकला : ‘हूप’ ऐकू येण्याची वाट पाहू नका

घरातले मूल खोकू लागले की आपण म्हणतो, ‘हवा बदलली, सर्दी झाली असेल. जाईल दोन दिवसांत.’ बहुतेक वेळा ते खरे ठरते. पण पंधरा दिवस झाले तरी मूल खोकतच आहे, रात्री दचकून उठून बसते आहे, खोकता खोकता तोंड लालबुंद होऊन शेवटी उलटी करते आहे, असे दिसले तर ती साधी सर्दी नव्हे. तो डांग्या खोकला असू शकतो. आणि त्याच घरात दोन-तीन महिन्यांचे तान्हे बाळ असेल, तर त्या बाळाच्या जिवाला धोका आहे हे आईवडिलांनी तेव्हाच ओळखले पाहिजे.

माता-भगिनींनो, ‘हा जुना रोग, आता कुठे दिसतो?’ असे अनेकांना वाटते. १९८० साली भारतात डांग्या खोकल्याच्या तीन लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली होती. १९७८ पासून देशात लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम सुरू झाला, १९८५ पासून तो सार्वत्रिक करण्याचे काम हाती घेतले गेले आणि रुग्णांची संख्या बरीच खाली आली. पण रोग नाहीसा झालेला नाही. काही वर्षांच्या अंतराने तो पुन्हा डोके वर काढतो. कोविडच्या साथीनंतर अनेक देशांत तो पुन्हा उसळला. इंग्लंडसारख्या संपन्न देशात २०२४ साली चौदा हजारांहून अधिक लोकांना हा रोग झाला आणि अकरा तान्ही बाळे दगावली. तिथे ही स्थिती, तर एका खोलीत सहा-सात माणसे राहतात, चुलीचा धूर त्याच खोलीत कोंडतो आणि दवाखाना चार कोसांवर असतो, अशा आपल्या वस्त्यांनी किती सावध असायला हवे!

रोग येतो कुठून?

डांग्या खोकला हा ना थंड पाण्याने होतो, ना चिंच-बोरे खाल्ल्याने. तो एका जंतूमुळे होतो. १९०६ साली बेल्जियममधील शास्त्रज्ञ ज्यूल बोर्डे आणि ऑक्टाव्ह झांगू यांनी हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. बोर्डे यांच्या नावावरूनच त्याला ‘बोर्डेटेला पर्टुसिस’ म्हणतात.

रोगी खोकला किंवा शिंकला की थुंकीच्या बारीक तुषारांतून हा जंतू हवेत उडतो आणि जवळच्या माणसाच्या श्वासातून आत जातो. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला अतिशय बारीक केसांसारखे तंतू असतात. घाण आणि चिकट स्राव वर ढकलून बाहेर काढणे हे त्यांचे काम. हा जंतू नेमका त्याच तंतूंना चिकटतो आणि आपल्या विषाने त्यांना निकामी करतो. मग स्राव साचतो, घट्ट होतो, आणि तो बाहेर काढण्यासाठी शरीराजवळ खोकल्याच्या उबळीशिवाय दुसरा मार्ग उरत नाही. उपचाराने जंतू मेला तरी इजा झालेले तंतू भरून यायला वेळ लागतो. म्हणून खोकला महिनोन्‌महिने रेंगाळतो. चिनी आणि जपानी भाषांत या रोगाचे नावच ‘शंभर दिवसांचा खोकला’ असे आहे.

हा रोग फार वेगाने पसरतो. लस न घेतलेल्या लोकांत एक रोगी बारा ते सतरा जणांना रोग देऊ शकतो. शाळेत जाणारे मूल तो घरी आणते. मोठ्या माणसांनाही होतो. पण त्यांच्यात तो ‘जुनाट खोकला’ म्हणून लपून राहतो. बाळाचे मुके घेणाऱ्या आजोबांचा, काकाचा किंवा खुद्द आईचा तो खोकला बाळापर्यंत पोचतो.

तीन टप्पे नीट ओळखा

जंतू शरीरात शिरल्यापासून साधारण सात ते दहा दिवसांनी लक्षणे दिसू लागतात. पुढे रोग तीन टप्प्यांतून जातो.

पहिला टप्पा एक ते दोन आठवड्यांचा. नाक गळते, शिंका येतात, हलका खोकला असतो, अंग फार तर कोमट लागते. हुबेहूब सर्दी. फसगत होते ती इथेच. याच काळात रोग सर्वात जास्त पसरतो, आणि याच काळात औषध दिले तर त्याचा सर्वात जास्त उपयोग होतो.

दुसरा टप्पा उबळीचा. तो एक ते सहा आठवडे चालतो, कधी दहा आठवड्यांपर्यंतही लांबतो. मूल एका श्वासात दहा-पंधरा वेळा लागोपाठ खोकते. मध्ये श्वास घ्यायला सवडच मिळत नाही. चेहरा लाल, मग काळानिळा पडतो. डोळ्यांतून पाणी येते, जीभ बाहेर येते. उबळ संपली की मूल जोरात श्वास आत ओढते आणि ‘हूऽऽप’ असा आवाज होतो. मागोमाग तारेसारखा चिकट कफ पडतो, बहुधा उलटी होते. मूल घामाघूम होऊन निपचित पडते. अशा उबळी दिवसातून अनेकदा येतात आणि रात्री वाढतात. रडणे, हसणे, जेवण, धूर, गार वारा, एवढेही निमित्त पुरते. जोरामुळे कधी डोळ्याच्या पांढऱ्या भागात रक्त उतरते. ते पाहून घरचे घाबरतात; ते रक्त आपोआप विरते, पण उबळी किती जोराच्या आहेत याची ती खूण आहे.

ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की दोन उबळींच्या मधल्या वेळात मूल अगदी चांगले दिसते, खेळतेसुद्धा. डॉक्टरांपुढे नेले तेव्हा ते खोकलेच नाही तर डॉक्टरही फसू शकतात. म्हणून उबळ कशी येते, किती वेळ टिकते, नंतर उलटी होते का, तोंड कोणत्या रंगाचे होते, हे आईने स्वतःहून सांगावे. दिवसातून किती उबळी आल्या त्याच्या रेघा कागदावर मारून ठेवाव्यात. जवळ मोबाइल असेल तर एखाद्या उबळीचे चित्रण करून डॉक्टरांना दाखवावे.

तिसरा टप्पा उताराचा. उबळी हळूहळू कमी होतात. पण पुढे काही महिने साधी सर्दी झाली तरी तसाच खोकला परत येतो. तो बहुधा नवा रोग नसतो, जुन्या दुखण्याचीच ती आठवण असते.

तान्ह्या बाळात ‘हूप’ ऐकू येत नाही

या लेखातील सर्वात महत्त्वाची गोष्ट ही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या अंगात जोराने श्वास ओढण्याची ताकदच नसते. त्यामुळे त्याच्यात तो ओळखीचा आवाज बहुधा नसतो. कधी कधी तर खोकलाही फारसा नसतो. बाळ दूध पिता पिता थांबते, गुदमरते, ओठ निळे पडतात, काही क्षण श्वासच बंद होतो, अंग ढिले पडते. मग परत श्वास सुरू होतो आणि घरातले म्हणतात, ‘ठसका लागला असेल,’ ‘दृष्ट लागली असेल.’

या रोगाने दगावणाऱ्यांत सर्वाधिक बाळे याच वयाची असतात. त्यांना न्यूमोनिया होतो, मेंदूला प्राणवायू कमी पडून झटके येतात, काहींच्या मेंदूला कायमची इजा होते. म्हणून ‘हूप’ ऐकू आला तरच डांग्या खोकला, ही समजूत मनातून काढून टाका. घरात कोणी दोन आठवड्यांपासून खोकत आहे आणि तान्हे बाळ श्वास अडकल्यासारखे करते आहे, एवढे कळले तरी बाळाला त्याच दिवशी इस्पितळात न्यायला पुरेसे आहे.

दुसरे खोकले आणि हा खोकला

प्रत्येक लांबलेला खोकला डांग्या नसतो. न्यूमोनियात ताप जास्त असतो, श्वास सतत जलद चालतो, पोट उडते. दम्यात श्वास सोडताना छातीत सूं सूं आवाज येतो. क्षयात खोकल्याबरोबर वजन घटते, बारीक ताप राहतो, घरात कोणाला तरी क्षय असतो. खेळता खेळता अचानक खोकला सुरू झाला तर शेंगदाणा, हरभरा किंवा मणी श्वासनलिकेत अडकलेला असू शकतो. या साऱ्यांचे उपचार वेगवेगळे आहेत. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारा कोणताही खोकला डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे, हा सरळ नियम धरावा.

डॉक्टर रक्त तपासतात. या रोगात विशिष्ट प्रकारच्या पांढऱ्या पेशी बऱ्याचदा फार वाढलेल्या असतात. मोठ्या इस्पितळात नाकाच्या मागच्या भागातील स्राव काडीवर घेऊन जंतूची तपासणी करतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ही तपासणी जास्त खात्रीची असते. मात्र लक्षणांवरून दाट संशय असेल तर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करतात, आणि ते योग्यच आहे.

औषध कोणते, आणि ते काय करते?

डांग्या खोकल्यावर जंतुनाशक औषध आहे. ॲझिथ्रोमायसिन बहुधा पाच दिवस देतात, एरिथ्रोमायसिन चौदा दिवस. मुलाच्या वयावर आणि वजनावर मात्रा ठरते. एक महिन्याच्या आतील बाळाला एरिथ्रोमायसिनमुळे जठराच्या तोंडाचा त्रास होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन पसंत करतात. त्यामुळे शेजारच्या मुलाला दिलेली बाटली आपल्या बाळाला देऊ नये, आणि दोन दिवसांत बरे वाटले म्हणून डोस अर्धवटही सोडू नये.

पहिल्या टप्प्यात औषध मिळाले तर रोगाचा जोर कमी होतो. उबळी सुरू झाल्यावर दिले तर खोकला लगेच थांबत नाही. ‘औषधाने गुण येत नाही’ म्हणून लोक डॉक्टर बदलत फिरतात ते यामुळेच. पण तेव्हाही औषध घ्यावेच लागते, कारण योग्य औषध सुरू केल्यापासून पाच दिवसांनी रोगी इतरांना रोग देत नाही. औषध न घेतल्यास उबळी सुरू झाल्यापासून सुमारे तीन आठवडे तो रोग पसरवत राहतो. तेवढे दिवस मुलाला शाळेत किंवा अंगणवाडीत पाठवू नये. घरात तान्हे बाळ असेल किंवा दिवस भरत आलेली गर्भवती असेल, तर घरातील सर्वांनाच प्रतिबंधक म्हणून हे औषध द्यावे का, ते डॉक्टरांना आवर्जून विचारावे. आशाताईंना किंवा नर्सबाईंनाही कळवावे, म्हणजे आजूबाजूच्या मुलांची तपासणी होईल.

घरी काय करावे?

उबळ आली की घाबरून आरडाओरडा करू नये. भीतीने मूल रडते आणि उबळ वाढते. मोठ्या मुलाला बसवून थोडे पुढे वाकवावे आणि पाठीला हलका आधार द्यावा. तान्ह्या बाळाला कुशीवर घ्यावे, म्हणजे कफ किंवा उलटी घशात परत जाणार नाही. तोंडाबाहेर आलेला कफ स्वच्छ कापडाने पुसावा. उबळ चालू असताना तोंडात पाणी, दूध, औषध काहीही घालू नये. घशात बोट घालू नये. बाळाला गदागदा हलवू नये.

उलटीमुळे अन्न अंगी लागत नाही आणि मूल झपाट्याने खंगते. म्हणून एका वेळी पोटभर खाऊ घालण्याऐवजी दिवसातून सात-आठ वेळा थोडे थोडे द्यावे. उबळ येऊन उलटी झाली की थोडे थांबून लगेच पुन्हा भरवावे. मऊ भात-वरण, पातळ खिचडी, नाचणीची पेज, केळे असे सहज गिळता येईल ते द्यावे; फुटाणे, कोरडा चिवडा नको. अंगावर पिणाऱ्या बाळाचे दूध मुळीच तोडू नये, उलट थोड्या थोड्या वेळाने पाजावे. दुखणे उतरल्यावरही निदान दोन आठवडे रोजच्यापेक्षा एक जेवण जास्त द्यावे.

खोलीत बिडी-सिगारेट ओढू नये. शक्य असेल तर चूल बाहेर मांडावी. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती मुलाजवळ नको. मुलाला निवांत ठेवावे, पण कोंडलेल्या खोलीत नको. हवा खेळती असावी.

तेव्हा क्षणाचाही विलंब नको

पुढीलपैकी एक जरी खूण दिसली तरी मुलाला ताबडतोब इस्पितळात न्यावे :

• उबळीत ओठ, जीभ किंवा तोंड निळे पडणे, श्वास मध्येच थांबणे.
• झटके येणे, मूल बेशुद्ध किंवा फार सुस्त होणे.
• दूध ओढता न येणे, प्रत्येक घोट उलटून पडणे, लघवी फार कमी होणे.
• श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे.
• शांत असताना श्वास जलद चालणे : दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे ४० किंवा जास्त.
• जोराचा ताप येणे. डांग्या खोकल्यात मुळात फारसा ताप नसतो; तो चढला तर न्यूमोनियाची शंका घ्यावी.

सहा महिन्यांच्या आतील बाळाला डांग्या खोकल्याचा नुसता संशय असला तरी घरी ठेवू नये. त्याला प्राणवायूची गरज केव्हा लागेल ते सांगता येत नाही. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर फोन केल्यास सरकारी रुग्णवाहिका मोफत येते. बाळाचा श्वास थांबल्यास त्याचे तळपाय आणि पाठ चोळून त्याला जागे करावे आणि त्याच वेळी मदत बोलवावी.

गंडे-दोरे, गाढविणीचे दूध आणि दुकानातले सिरप

आपण अंगारे-धुपारे सोडले असे म्हणतो. पण महिना उलटूनही लेकराचा खोकला हटेना की घरातील कोणाला तरी जुनी वाट आठवते. कोणी गळ्यात ताईत बांधते, कोणी पोटा-छातीवर डाग देते. काही गावांत गाढवीण घेऊन दारोदार फिरणारे चमचाभर दूध भारी किमतीला विकतात आणि ‘डांग्यावर रामबाण’ म्हणून सांगतात. त्या दुधात हा जंतू मारणारे काही नाही. उलट न तापवलेल्या कच्च्या दुधातून दुसरे रोग होऊ शकतात. डाग दिल्याने जखम चिघळते आणि दुखण्यात भर पडते. मग या उपायांनी ‘गुण आला’ असे लोक का म्हणतात? कारण रोग कधी ना कधी आपणहून उताराला लागतो, आणि तेव्हा शेवटी जे केले असेल त्याला श्रेय मिळते. ज्यांचे मूल दगावले ते मात्र गप्प बसतात. त्यांची साक्ष कोणी काढत नाही.

घरगुती उपायांतही विवेक हवा. एक वर्षाच्या आतील बाळाला मध चाटवू नये. त्यातून एक गंभीर विषबाधा होऊ शकते. तान्ह्याच्या नाकात तेल सोडू नये, ते फुफ्फुसात उतरते. बाळाच्या नाकाशी कापूर धरू नये. मोठ्या मुलाला कोमट पाणी, गरम सूप जरूर द्यावे. त्याने घशाला आराम पडतो, रोग जात नाही.

आणि दुकानातले खोकल्याचे सिरप? डांग्या खोकल्याची उबळ त्याने थांबत नाही. शिवाय ते लहान मुलांना घातकही ठरू शकते. २०२५ साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात विषारी द्रव्य मिसळलेले सिरप पोटात गेल्याने वीसहून अधिक बालकांचे मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू झाले. त्यांतील अनेकांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. त्यानंतर केंद्र सरकारने दोन वर्षांच्या आतील मुलांना खोकल्या-सर्दीची अशी औषधे देऊच नयेत, आणि पाच वर्षांच्या आतही ती सहसा देऊ नयेत, असे पुन्हा बजावले. मेडिकलवाल्याला ‘खोकल्याचे काहीतरी द्या’ म्हणणे हा उपचार नव्हे.

दीड, अडीच, साडेतीन

या रोगाला अडवणारी खरी भिंत म्हणजे लस. पूर्वी तिला आपण त्रिगुणी लस म्हणत असू : घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तीन रोगांची. २०११ पासून देशात टप्प्याटप्प्याने पेंटा लस आली. तिच्यात या तिघांबरोबर कावीळ ‘ब’ आणि हिब या जंतूचा न्यूमोनिया व मेंदूज्वर यांच्यापासूनही संरक्षण आहे. सरकारी केंद्रात ती मोफत मिळते.

तिचे वेळापत्रक पाठ करायला सोपे आहे : दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने. म्हणजे सहावा, दहावा आणि चौदावा आठवडा. पुढे १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान त्रिगुणीचा पहिला वर्धक डोस आणि पाच ते सहा वर्षांच्या वयात दुसरा.

पहिला डोस बहुतेक जणी देतात. गळती होते ती दुसऱ्या-तिसऱ्या डोसाला. कारण पहिल्या सुईनंतर बाळाला ताप येतो, मांडी सुजते, बाळ रात्रभर किरकिरते. घरातील वडीलधारे म्हणतात, ‘चांगले होते लेकरू, सुई देऊन आजारी पाडले.’ आणि आईची पुढची फेरी बुडते. भगिनींनो, हा ताप एक-दोन दिवसांत उतरतो. शरीर रोगाशी लढायला शिकत असल्याची ती खूण आहे. नर्सबाई सांगतील त्या मापाने तापाचे औषध द्यावे, मांडी चोळू नये, बाळाला पाजत राहावे. मात्र मागच्या डोसानंतर झटके आले असतील, बाळ बेशुद्ध झाले असेल किंवा अंगावर जोराची ॲलर्जी उठली असेल, तर पुढचा डोस देण्याआधी ते डॉक्टरांना सांगावे. साधी सर्दी, किरकोळ जुलाब किंवा अंग कोमट असणे ही लस टाळण्याची कारणे नव्हेत.

डोस चुकला असेल तरी लाजू नये आणि ‘आता काय उपयोग’ असेही म्हणू नये. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेले डोस पुढे चालू करता येतात. ऊसतोडीला, वीटभट्टीवर किंवा बांधकामावर परगावी जाणाऱ्या कुटुंबांचे डोस असेच हुकतात. त्यांनी माता-बाल कार्ड भाकरीच्या गाठोड्याबरोबर बांधून न्यावे. ज्या गावी मुक्काम असेल तिथल्या उपकेंद्रात ते दाखवून डोस घेता येतो. गाव बदलले म्हणून कोणी लस नाकारू शकत नाही.

लस थांबली की काय होते?

याचे उत्तर जपानने मोठी किंमत मोजून दिले. १९७४ साली जपानमध्ये लसीकरण चांगले होते. वर्षभरात चारशेच्या आत रुग्ण होते आणि मृत्यू एकही नव्हता. त्या हिवाळ्यात लस दिल्यानंतर दोन बालके दगावली. लोक हादरले, लस काही काळ थांबली. ती पुन्हा सुरू झाली तरी आईबाप मुलांना घेऊन येईनात. १९७९ साली तिथे तेरा हजारांहून अधिक मुलांना डांग्या खोकला झाला आणि एक्केचाळीस जणांचा बळी गेला. पुढे जपानी शास्त्रज्ञांनी कमी ताप आणणारी नवी लस तयार केली आणि १९८१ पासून ती वापरात आली. तशी लस आपल्याकडे खाजगी दवाखान्यांत पैसे देऊन मिळते. पण सरकारी केंद्रातील मोफत लस तिच्याहून हलकी आहे, असा गैरसमज करून घेऊ नये. ताप थोडा जास्त येतो, संरक्षण मात्र भक्कम मिळते.

ही लस घडवणाऱ्यांची कथाही आपल्या मुलींना सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहरात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन स्त्रिया सरकारी प्रयोगशाळेत नोकरी करत. १९३२ पासून, मंदीच्या काळात, दिवसाचे काम संपले की त्या संध्याकाळी गरीब वस्त्यांत घरोघर जात आणि खोकणाऱ्या मुलांच्या तोंडापुढे बशी धरून जंतूचे नमुने गोळा करत. त्यांच्या सुरुवातीच्या चाचणीत लस दिलेल्या ७१२ मुलांपैकी फक्त चौघांना रोग झाला. लस न दिलेल्या ८८० मुलांपैकी ४५ जणांना झाला. पुढे १९४० च्या दशकात लोनी गॉर्डन ही कृष्णवर्णीय तरुणी त्यांच्याकडे आली. आहारतज्ज्ञाचे शिक्षण घेऊनही तिला नोकरी नाकारली गेली होती; गोरे स्वयंपाकी काळ्या बाईचे ऐकणार नाहीत, असे कारण तिला ऐकवले गेले होते. त्याच लोनीने हजारो बश्या तपासून लसीसाठी योग्य असा जंतू शोधून काढला. कातडीच्या रंगावरून जिला दारातून परत पाठवले, तिच्या हातच्या कामाने पुढे असंख्य लेकरांचा श्वास वाचला. माणसाची लायकी जन्मावरून ठरवणाऱ्यांना याहून वेगळे उत्तर काय द्यावे?

जन्मापासून दीड महिन्यापर्यंत कोण राखणार?

पहिला डोस दीड महिन्याला. तोवर आणि तिन्ही डोस पुरे होईपर्यंत बाळ जवळजवळ उघडेच असते. यावर उपाय म्हणजे गर्भवतीला सत्ताविसाव्या ते छत्तिसाव्या आठवड्यात ‘टीडॅप’ ही लस देणे. आईच्या रक्तातील संरक्षण नाळेतून बाळाला मिळते. इंग्लंडने २०१२ पासून हा कार्यक्रम चालवला आहे. आपल्याकडे सरकारी केंद्रात गर्भवतीला मिळणाऱ्या ‘टीडी’ सुईत धनुर्वात आणि घटसर्पाचे संरक्षण असते, डांग्या खोकल्याचे नसते. टीडॅप खाजगीत मिळते. परवडत असेल त्यांनी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

ज्यांना परवडत नाही त्यांच्या हातातही बरेच आहे. खोकणाऱ्या माणसाने, मग ते आजोबा असोत वा मामा, बाळाला घेऊ नये, त्याचा मुका घेऊ नये. बारशाला आलेल्या पाहुण्याला ‘तुम्हाला खोकला आहे, बाळाला लांबूनच बघा’ असे सांगण्यात कसला अपमान? आईलाच खोकला असेल तर तिने तोंडाला पदर किंवा स्वच्छ कापड बांधून पाजावे आणि स्वतः तपासून घ्यावे. आणि मोठ्या भावंडांचे वर्धक डोस वेळेवर द्यावेत. पाच वर्षांच्या ताईला दिलेली सुई पाळण्यातल्या बाळालाही राखते.

कारण या रोगाची एक खोड आहे. लसीने किंवा एकदा रोग होऊन गेल्याने मिळालेले संरक्षण जन्मभर टिकत नाही, वर्षांनी ते विरळ होते. म्हणून एकट्या मुलाला लस देऊन काम भागत नाही, सगळी वस्ती राखावी लागते.

रविवारी विहारात जमणाऱ्या आपल्या महिला मंडळांनी यात पुढाकार घ्यावा. वस्तीतील पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाचे कार्ड एकदा डोळ्यांखालून घालावे, कोणाचा अडीच-साडेतीनचा डोस राहिला, कोणाचा दीड वर्षाचा राहिला त्याची यादी करावी आणि ती आशाताईंच्या हाती द्यावी. एका दुपारचे काम आहे. आणि प्रत्येक आईने हा अंक खाली ठेवल्यावर पेटीतले, फळीवरचे, डब्याखालचे ते कार्ड शोधावे आणि पुढची तारीख वाचावी. तारीख उलटून गेली असेल तर येत्या लसीकरणाच्या दिवशीच बाळाला घेऊन केंद्र गाठावे.